त्याच्या बियरचं पाणी

माझा नवरा घरी बियर करायचा. नऊ वर्षं त्याने ती केली आणि नऊ वर्षं दर शनिवारी मला विचारलं, "एक घोट घेतेस?" मी दर शनिवारी नको म्हटलं. लोकांना वाटतं, उज्जैनच्या मास्तरांची मुलगी, माहेरी कांदालसणाचेसुद्धा वार ठरलेले, म्हणून म्हटलं असेल. तसं काही नव्हतं. मला त्या बियरचं पाणी पसंत नव्हतं.

हे सांगितलं की समोरचा हसतो, म्हणून आधी माझं काम सांगते. भोपाळच्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात, पाण्याच्या प्रयोगशाळेत मी नोकरीची सगळी वर्षं काढली. बॉयलरला जे पाणी लागतं त्यात पाण्याशिवाय दुसरं काही चालत नाही. थोडा चुना राहिला तरी तो नळ्यांच्या आत धरतो, आणि मग रात्रपाळीच्या इंजिनीयरपासून मोठ्या साहेबापर्यंत सगळे प्रयोगशाळेच्या नावाने ओरडतात. पाण्यातून एकेक गोष्ट काढून टाकायची आणि ती निघाली की नाही ते तपासायचं, यात माझा हात बसलेला होता. शिवाय टाउनशिपच्या पिण्याच्या पाण्याचे नमुनेही आमच्याकडेच यायचे. पिपलानीतल्या आमच्या क्वार्टरांना तेव्हा बोअरचं पाणी मिसळून यायचं. डाळ शिजता शिजत नसे, साबणाला फेस नसे, पातेल्याच्या तळाला पांढरा थर बसायचा. त्या पाण्याचे आकडे मी दर आठवड्याला तांबड्या शाईने लिहायचे आणि घरी यायचे, तर हा गृहस्थ त्याच नळाखाली पातेलं लावून उभा.

"या पाण्याने मी स्कूटरसुद्धा धुणार नाही," मी म्हणायचे.

"स्कूटर पीत नाही ना," तो म्हणायचा.

आम्ही एकाच बॅचचे ट्रेनी. त्यामुळे मी त्याला पहिल्यापासून अरे-तुरे करायचे, आणि कॉलनीतल्या मराठी बायकांना ते कधी रुचलं नाही. मूल झालं नाही. त्याबद्दल मला इथे लिहायचं नाही. तो मशीन शॉपमध्ये होता, हाताने काही ना काही करत राहायची त्याला खोड होती. आधी रेडिओ जुळवायचा, मग गुलाबावर कलमं बांधायचा, आणि पन्नाशीला आला तेव्हा कुणाच्या तरी परदेशातल्या मुलाकडून हे बियरचं वेड घेऊन आला. मॉल्टचा काकवीसारखा दाट अर्क डब्यातून यायचा. तो पाण्यात घालून उकळायचा, त्यात हॉप्स नावाची वाळकी, कडू फुलं टाकायची, निवल्यावर यीस्ट घालायचं, आणि वीस लिटरच्या जारमध्ये भरून कोठीच्या खोलीत ठेवून द्यायचं. जारच्या झाकणातून एक वाकडी नळी निघालेली असायची आणि तिच्यातून दिवसरात्र बुडबुडे यायचे. शेजारी विचारायचे, वास कसला? मी सांगायचे, यांचा काढा. घरी असं करणं कायद्यात कुठे बसतं, हे आम्ही कधी विचारलं नाही. विचारलं की उत्तर मिळतं.

गणपतीत मात्र जार घरात राहत नसे. माझी अट होती. दीड दिवसाचा गणपती असला तरी चतुर्थीच्या आदल्या दिवशी जार शालीत गुंडाळून, स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये धरून, तो मित्राच्या क्वार्टरमध्ये नेऊन ठेवायचा. हा मित्र ग्वाल्हेरकडचा मराठी माणूस. माझा नवरा आणि तो एकाच शॉपमध्ये होते, आणि तो मला वहिनी म्हणायचा. त्याच्या घरी गणपती नसे, त्यामुळे त्याच्या घराला विटाळ नाही असं माझं म्हणणं. त्याच्या बायकोचं म्हणणं काय होतं ते मी विचारलं नाही.

दर शनिवारी संध्याकाळी हा मित्र यायचा. मागच्या अंगणात तीन वेताच्या खुर्च्या मांडलेल्या असायच्या. दोघे दोन खुर्च्यांवर बसायचे, तिसरीवर शेंगदाण्यांची ताटली. मी आत टीव्हीसमोर भाजी निवडत बसायचे. बाटली उघडल्याचा आवाज यायचा, आणि मागोमाग त्याची हाक.

"एक घोट घेतेस?"

"पाणी बदल, मग बघू."

पुढे पुढे मी तेवढंही बोलत नसे. नको म्हणायचे आणि शेंगा सोलत राहायचे. स्वयंपाकघरात मी आरओचं मशीन बसवून घेतलं होतं, स्वतः निवडून, त्याच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मोजून. पाणी असं की काचेत भरलंय की नाही ते कळू नये. इतकं चांगलं पाणी घरात असताना हा माणूस नळाचंच घ्यायचा. आरओच्या पाण्याला जीव नाही म्हणायचा. यावर आमची खरोखरीची भांडणं झाली आहेत, जेवणाची ताटं निवेपर्यंत.

मग तो गेला. कामावरच, दुपारी, छातीत दुखतंय म्हणाला आणि कारखान्याच्या हॉस्पिटलात पोचायच्या आत. याहून जास्त लिहिण्यासारखं माझ्याकडे नाही. पण नंतर मी जे केलं ते लिहायला हवं. सासरची माणसं येणार होती, दिवस घरीच करायचे होते. कोठीच्या खोलीत चौदा बाटल्या भरलेल्या होत्या. मी मागच्या मोरीत बसून एकेक उघडली आणि ओतली. बाटल्या विसळून, लेबलं खरवडून भंगारात दिल्या. मोरीत फेस झाला होता, त्यावर दोन बादल्या पाणी मारलं. त्या वेळी मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. चौदातली एक ठेवावी, इतकंही सुचलं नाही.

एकटीने राहण्याबद्दल लोक बरंच बोलतात, की संध्याकाळ खायला उठते वगैरे. मला संध्याकाळ काही करत नसे. मला आरओच्या मशीनचा त्रास व्हायचा. दोन माणसांना दिवसातून दोनदा ते चालायचं. मी एकटी राहिले तेव्हा टाकी एकदा भरली की दोन-दोन दिवस ते गप्प. मग मध्येच कधीतरी गुरगुरायला लागायचं आणि मी खोलीतून विचारायचे, कोण आहे? पहिले काही महिने कॉलनीतल्या बायका यायच्या, डबे आणायच्या. नंतर त्यांनाही घरं होती. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला मला बोलवायचं की नाही, यावर त्यांच्यात चर्चा झाली असं मला कळलं, आणि मी आपण होऊनच जाणं सोडलं. प्रयोगशाळेतून घरी, घरातून प्रयोगशाळेत. भाजीवाल्याशी जरा जास्त वेळ घासाघीस करायचे. तो कंटाळून भाजी फुकट द्यायला निघाला एकदा.

अशाच एका शनिवारी मी टीव्ही लावला, शेंगा घेतल्या, आणि माझ्या लक्षात आलं की मी हाकेची वाट बघते आहे. नको म्हणायची माझी तयारी झालेली होती. त्या दिवशी मी रडले, चांगली मोठ्याने, शेजारी ऐकू जाईल अशी. आणि रडून झाल्यावर मला एकदम कळलं की मी नऊ वर्षं ज्याला नको म्हणत आले त्याची चव कशी होती हे मला माहीतच नाही. माझ्या नवऱ्याने हाताने केलेली ती एकच गोष्ट मी कधी तोंडात घातली नव्हती. ती मला एकदा प्यायची होती. ती म्हणजे तीच, त्याच्यासारखीच, आणि मी निवृत्त होऊन हे क्वार्टर सोडायच्या आत, याच स्वयंपाकघरात झालेली.

त्याची वही होती. मशीन शॉपवाल्याची वही, मापं सगळी नेटकी. अर्क किती, फुलं किती, किती मिनिटं उकळायचं, किती दिवस ठेवायचं. मी ऑनलाइन सामान मागवलं. आता तर काय, सगळं घरपोच मिळतं. वहीत पाण्यापुढे त्याने फक्त 'नळाचं' असं लिहिलं होतं. ते वाचून मी मनात म्हटलं, राहू दे रे, आता तरी माझं ऐक. आणि आरओचं पाणी घेतलं. वीस लिटर भरायला मशीन सकाळपासून दुपारपर्यंत गुरगुरत होतं, आणि त्या दिवशी मला ते बरं वाटलं.

तीन आठवड्यांनी मी पहिली बाटली उघडली. स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच, स्टीलच्या पेल्यात. जन्मातला पहिला घोट. थंड, जरा कडसर, मागे किंचित गोड. वाईट नव्हती. मी वाट बघितली, पण काही आठवलं नाही, आणि आठवणार तरी काय होतं? ती त्याच्यासारखी आहे की नाही, हे माझी जीभ सांगू शकत नव्हती. ते सांगू शकणारं माणूस जगात एकच होतं.

तो मित्र निवृत्त होऊन कोटरा सुल्तानाबादला मुलाकडे राहायला गेला होता. मी दोन बाटल्या प्रयोगशाळेच्या नमुन्यांच्या पिशवीत घातल्या, वर एक टॉवेल, आणि रविवारी बसने निघाले. पिपलानीहून कोटरा म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. प्रत्येक खड्ड्याला बाटल्या एकमेकींवर आपटायच्या आणि शेजारची बाई माझ्याकडे बघायची. मी खिडकीबाहेर बघायचे.

त्याच्या बायकोने चहा केला, विचारपूस केली, मी वाळले म्हणाली. पिशवीतली गोष्ट तिच्यासमोर काढायचा मला धीर होईना. शेवटी तोच म्हणाला, "वहिनीला छतावरचे गुलाब दाखवतो," आणि आम्ही गच्चीवर गेलो. गुलाब माझ्या नवऱ्याने कलम बांधून दिलेले. तिथे उन्हात उभं राहून त्याने पहिला घोट घेतला.

"क्या बात है, वहिनी! एकदम बढिया. बाजारची वाटते."

"त्याच्यासारखी झाली आहे का?"

त्याने आणखी एक घोट घेतला, जरा हळू. त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं उन्हाचा त्रास होतोय.

"त्याची अशी नसायची," तो म्हणाला.

"म्हणजे कशी असायची?"

"आता ते कसं सांगू? त्याची... वेगळी असायची. जड." आणि मग घाईघाईने, "पण ही छान आहे हो. मजा आली."

परतीच्या बसमध्ये मी त्या एका शब्दावर विचार करत होते, आणि पिपलानीचा थांबा यायच्या आत मला कळलं होतं. इतकी वर्षं पाण्याची नोकरी करून हे मला आधी सुचू नये? वहीत सगळं होतं, मी सगळं तसंच केलं होतं, फक्त 'नळाचं' तेवढं सोडून. माझा हेकेखोरपणा, दुसरं काय.

पण आता नळाचं घेऊन उपयोग नव्हता. मधल्या काळात आमच्या भागाला नदीचं पाणी आलं होतं, बोअर बंद झालं होतं. डाळ पटकन शिजत होती. ज्या पाण्याबद्दल मी आयुष्यभर कटकट केली ते पाणी भोपाळच्या कुठल्याही नळाला येत नव्हतं, आणि मला तेच हवं होतं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. आजवर ती कुणाला दिलेली नाही. टाउनशिपच्या पाण्याचा नमुना दर सोमवारी आळीपाळीने वेगवेगळ्या क्वार्टरमधून घ्यायचा असा आमचा नियम होता. मी तो कधी पाळला नाही. टाकी एकच, पाइप एकच, मग सकाळी सात वाजता लोकांच्या दारात बाटली घेऊन कशाला उभं राहायचं? मी नमुना माझ्याच स्वयंपाकघरातल्या नळाचा घ्यायचे आणि रजिस्टरमध्ये क्वार्टरचे नंबर क्रमाने लिहायचे. नवरा दाढी करता करता म्हणायचा, "घ्या, पोलीसच चोरी करताहेत." प्रयोगशाळेतल्या कुणाला हे माहीत नव्हतं. म्हणजे त्या रजिस्टरांमध्ये टाउनशिपचं पाणी नव्हतंच. नऊ वर्षं, दर सोमवारी, फक्त आमच्या घरातलं पाणी होतं. तो शनिवारी पातेलं लावायचा त्याच नळाचं.

रजिस्टरं रेकॉर्डच्या खोलीत होती, वाळवीची पावडर मारलेली. मी आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत तिथे जाऊन बसले. माझंच अक्षर, माझीच तांबडी शाई. चुना किती, मॅग्नेशियम किती, क्षार किती, क्लोराइड किती. वहीत त्याने प्रत्येक खेपेची तारीख घातलेली होती. तिच्या अलीकडचा सोमवार मी रजिस्टरमध्ये काढायचे आणि उतरवून घ्यायचे, आणि शेवटी सगळ्यांची सरासरी काढली. बाहेरच्या टेबलावरच्या मुली हसत होत्या, डबे उघडत होत्या. त्यांना वाटलं असेल, बाई निवृत्तीआधी हिशेब पुरे करताहेत. मी मात्र तिथे बसून नवऱ्याच्या घरातलं पाणी मोजत होते, आणि कितीतरी महिन्यांनी मला घाईने घरी जावंसं वाटत होतं.

पाण्यातून काढणं मला येत होतं. घालणं मी कधी केलं नव्हतं. आरओचं पाणी म्हणजे कोरी पाटी, तिच्यावर ते सगळं परत लिहायचं होतं. जिप्सम, मीठ, खायचा सोडा, जुलाबाचं मीठ, हे सोपं. चुन्याची खरी पंचाईत. खडूची पूड पाण्यात कितीही ढवळा, विरघळत नाही, खाली बसते. जमिनीखाली ती विरघळते, कारण तिथल्या पाण्यात वायू मुरलेला असतो. मग मला सुचलं, सोडावॉटर. पिपलानीच्या बाजारातल्या पानवाल्याकडे जाऊन मी सोड्याच्या आठ बाटल्या मागितल्या.

"मैडम, मेहमान आए हैं?"

"नहीं, पेट खराब है," मी म्हटलं.

तो आठ बाटल्यांकडे बघत राहिला. आता हे कॉलनीभर होणार, हे मला दिसत होतं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

खडू सोड्यात विरघळला. सगळं एकत्र करून मी त्याची तपासणी केली, अगदी रीतसर, प्रयोगशाळेत करते तशी. आकडे जुळले. स्वच्छ पाणी हाताने बिघडवून त्या तांबड्या शाईतल्या आकड्यावर आणून ठेवलं आणि मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या. उकळताना पातेल्याच्या तळाला पांढरा थर धरला. तो त्याच्याही वेळी धरायचा, म्हणून मी काही गाळलं नाही, काही सुधारलं नाही. सुधारायची सवय आवरणं हेच सगळ्यात अवघड गेलं. जार कोठीच्या खोलीत ठेवला. तीन आठवडे घरात बुडबुड्यांचा आवाज होता. झोप चांगली लागली.

मी ठरवलं होतं की या वेळी एकटीने उघडायची नाही. मित्राला फोन केला, शनिवारी संध्याकाळी या. तो बस बदलून आला, गुडघ्यांनी हैराण. मागच्या अंगणात मी खुर्च्या मांडल्या होत्या, शेंगदाणे ठेवले होते. एका खुर्चीवर तो बसला, दुसरीवर मी. मी बाटली उघडली, दोन पेल्यांत ओतली, त्याच्या हातात एक दिला आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसले.

त्याने घोट घेतला. गिळला. डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

"हीच," तो म्हणाला. "वहिनी, हीच." आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग मी प्यायले.

भयंकर होती. कडू म्हणजे कारल्यासारखी सरळ कडू नव्हे, जिभेला आवळून धरणारी, खरखरीत, आणि घोट गेला तरी घशात काहीतरी राहिल्यासारखं. मी त्याच्याकडे बघितलं. तो रडत होता आणि हसतही होता.

"अशीच असायची?"

"नऊ वर्षं प्यायलो मी ही," तो म्हणाला. "बायको विचारायची, शनिवारी तुमचं तोंड असं का होतं म्हणून."

मग आम्ही दोघेही हसत सुटलो. किती दिवसांनी मी त्या अंगणात हसत होते, आणि माझ्या आत एक फुशारकी उसळली. ती आवरायला हवी होती. मी आवरली नाही.

"मी सांगत नव्हते?" मी म्हणाले. "नऊ वर्षं सांगत होते, पाणी बदल, पाणी बदल. घरात आरओचं पाणी होतं. एकदा, एकदा तरी ऐकायचं होतं! मी बसले असते येऊन."

त्याचं हसू थांबलं. पेला खाली ठेवून तो गुडघे चोळायला लागला.

"वहिनी, त्याने ऐकलं होतं."

"कधी?"

"तुम्ही नागपूरला भाचीच्या लग्नाला गेला होता. तेव्हा दिवसभर मशीन चालवून त्याने सगळं पाणी आरओचं घेतलं. एक अख्खी खेप. मला म्हणाला, कुणाला बोलू नको, ही तिच्यासाठी. तुम्ही मला कोटऱ्याला जी आणून दिली ना, अगदी तशी झाली होती. मी दुसऱ्या घोटाला ओळखली. म्हणून तर मला तिथे काही बोलता येईना."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. तीन आठवड्यांनी, शनिवारी बाटली उघडली, तुम्हाला हाक मारली. नेहमीसारखीच. पाण्याचं तो सांगणार होता, पण आधी नाही. तुम्ही घोट घेतल्यावर."

"आणि मी?"

"तुम्ही आतून नको म्हणालात."

अंगणात अंधार पडत चालला होता. दिवा लावायला उठावं असं वाटत होतं, उठवत नव्हतं.

"पुढच्या शनिवारीही विचारलं त्याने," मित्र म्हणाला. "त्याच्या पुढच्याही. ती खेप संपली. त्यानंतर पुन्हा नळाचंच. मी म्हटलं, अरे, ती एवढी छान झाली होती, तशीच कर ना. तर म्हणाला, पाण्याचा प्रश्न नव्हता रे."

थोड्या वेळाने तो उठला, त्याची बस होती. मी फाटकापर्यंत गेले. तो म्हणाला, वहिनी, मी सांगायला नको होतं. मी म्हटलं, नाही, बरं केलंत. ते खरं होतं की नाही, मला अजून माहीत नाही.

परत येऊन मी खुर्चीवर बसले आणि तो शनिवार आठवायचा प्रयत्न केला. नागपूरहून आल्यावर मी काय करत होते, टीव्हीवर काय चालू होतं, त्याचा आवाज जरा वेगळा होता का, हाक मारून तो किती वेळ थांबला होता. भाचीच्या लग्नातलं सगळं आठवतं. तिचा शालू आठवतो, जेवणात मठ्ठा आंबट झाला होता ते आठवतं. तो शनिवार नाही आठवत. अजूनही कधीकधी प्रयत्न करते. मान वर न करता नुसतं नको म्हटलं असेन.